आम्ही मुलीकडचे

भागवत सप्ताहाचा सहावा दिवस उजाडला की वऱ्हाडातल्या गावाला लगीनघाई सुटते. आधीचे पाच दिवस कथेला मोजकी म्हातारी माणसं आणि त्यांच्या मांडीवर झोपलेली नातवंडं एवढाच श्रोतृवर्ग असतो. प्रल्हाद येऊन जातो, वामन येऊन जातो, कृष्णजन्माला पाळणा हलेपर्यंत गर्दी टिकते आणि सुंठवडा संपला की ओसरते. सहाव्या दिवशी मात्र सकाळपासून भोंगा बोलायला लागतो : आज रुक्मिणी स्वयंवर आहे, तमाम वऱ्हाडी मंडळींनी वेळेवर हजर राहावं, माता-भगिनींनी नटूनथटून यावं, आणि ज्यांना आहेर करायचा असेल त्यांनी आपलं नाव मंडपात आधीच लिहून द्यावं. शेवटची सूचना तीनदा होते.

मराठी माणूस नाटकवेडा आहे असं आपण नेहमी ऐकतो. हे वेड तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोचता पोचता बरंच शहाणं होतं, हा भाग वेगळा. आमच्या या नाटकाला खिडकीच नाही. तिसरी घंटा नाही, आसनक्रमांक नाही, मोबाइल बंद ठेवा म्हणणारा कोणी नाही. उलट मोबाइल चालू नसेल तर आलात कशाला, असा चेहरा करून लोक पाहतात. पुढं पोट्टे, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं, बल्लीला टेकून म्हातारे, आणि मंडपाच्या बाहेर मोटारसायकलवर बसून 'आपण काही हे पाहायला आलो नाही' अशा बेतानं सगळं पाहणारी तरुण मंडळी. सतरंजीवर जागा धरायला पिशवी ठेवायची पद्धत आहे. पिशवी उचलून बाजूला ठेवायचीही पद्धत आहे. नाटकातलं पहिलं युद्ध तिथंच होतं.

पात्रांची निवड अभिनयावरून होते असं समजणारा माणूस गावात नवा असला पाहिजे. ज्यानं त्या दिवशीची पंगत दिली, त्याची मुलगी रुक्मिणी. पंगत दोघांनी मिळून दिली असेल तर एकाची रुक्मिणी आणि दुसऱ्याचा कृष्ण. मुलगे लाजतात, म्हणून कृष्णही बहुतेक वेळा मुलगीच होते. यात गैर काही नाही. खाडिलकरांचं 'संगीत स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आलं तेव्हा आमची ही रुक्मिणी बालगंधर्वांनी साकारली होती आणि उभा महाराष्ट्र तिच्या शालूच्या निऱ्या मोजत बसला होता. तिकडं पुरुषानं रुक्मिणी व्हावं, इकडं पोरीनं कृष्ण व्हावं; शंभर वर्षांत हिशेब चुकता झाला.

अडचण येते ती शिशुपालाची.

"शिशुपाल कोन बनते?"

"मी नाई बनत. मायं लगन जुळ्याचं हाय."

"अबे, नाटकातला शिशुपाल हाय तो."

"लोकाईले काय समजते? पुढं गावभर शिशुपालच म्हनतीन."

त्याचं बरोबर आहे. ऐन मांडवातून नवरी जावी आणि नवरदेवानं फेटा बांधून उभं राहावं, ही भूमिका करायला फार मोठा नट लागतो किंवा फार मोठं कर्ज. त्यामुळे पुष्कळ गावांत शिशुपाल येतच नाही. तो आला होता, असं कथेकरी महाराज सांगतात आणि आपण मानून घेतो.

आता हा प्रसंग मराठी मुलखात सगळीकडं होतो. मराठवाड्यात होतो, खानदेशात होतो. पण तिथं तो 'कथेत' होतो. आमच्याकडं तो घरचा असतो, कारण रुक्मिणी आमची. अमरावतीहून चाळीसेक किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. भीष्मक राजाची राजधानी ती हीच, असं आम्ही मानतो. नदीच्या पलीकडं वर्धा जिल्हा. टेकडीवर विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे आणि जिच्या दर्शनाचं निमित्त करून रुक्मिणी घराबाहेर पडली त्या अंबिकेचंही देऊळ आहे. मोरेश्वर दीक्षितांनी इथं उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६८ साली निघाला. त्यांना सातवाहनकाळाच्याही मागे जाणाऱ्या वस्तीच्या खुणा सापडल्या. गावकऱ्यांना त्याचं विशेष वाटलं नाही. जुनं आहे हे त्यांना माहीतच होतं. प्रश्न फक्त खापरांचा होता, आणि खापरं तर नांगरतानाही लागतात.

खरं म्हणजे या एका गावानं संस्कृत साहित्याला जेवढ्या नायिका पुरवल्या तेवढ्या एखाद्या अख्ख्या प्रांतानं पुरवल्या नसतील. दमयंती इथली. रघुवंशातली इंदुमती विदर्भाची. अगस्तीची लोपामुद्रा विदर्भाची. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'तली मालविका विदर्भाची, आणि त्या नाटकाच्या शेवटी दोघा भावांत विदर्भाची वाटणी होते तेव्हा मधली हद्द म्हणून जी वरदा नदी ठरते, ती हीच वर्धा. हद्द अजून तीच आहे. फक्त दोन राजांच्या जागी दोन जिल्हाधिकारी बसतात. भवभूतीच्या 'मालतीमाधवा'तला माधवसुद्धा कुंडिनपूरच्या, म्हणजे याच गावच्या, अमात्याचा मुलगा. त्या नाटकात तर नवरीच्या जागी एक मित्र शालू नेसून बसतो आणि लग्न लावून मोकळा होतो. ते नाटक कालप्रियनाथाच्या यात्रेत लोकांपुढं झालं, असं भवभूती स्वतःच प्रस्तावनेत सांगतो. म्हणजे यात्रा, उघडं आभाळ, प्रेमाचा घोटाळा आणि शेवटी लग्न, हा बेत बाराशे वर्षांपूर्वीही चालत होता. पंगतीचा उल्लेख भवभूतीनं केलेला नाही. तो पंडित होता, ते त्याच्या लक्षात राहिलं नसेल.

कौंडण्यपूरला येणाऱ्या नवरदेवांची एक गंमत आहे. ते कायम घाईत असतात. दमयंतीनं हरवलेल्या नळाला शोधायला दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवली, तेव्हा ऋतुपर्ण राजाला घेऊन नळानं अयोध्येहून कुंडिनपूरपर्यंत रथ एका दिवसात आणला. कृष्ण द्वारकेहून निघाला तो एका रात्रीत पोचला. आज जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि त्यावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. दोघांनाही चलान आलं असतं. उलट मुलीकडचे आम्ही कायम निवांत. भीष्मकाच्या दारात जरासंधासकट सगळ्या राजांच्या फौजा येऊन उतरल्या तरी त्याला काही संशय आला नाही. त्याला वाटलं, मोठ्या घरची सोयरीक आहे, एवढे लोक तर येणारच.

आता मूळ कथा एकदा नीट आठवून पाहा, कारण आमचं गाव ती मुद्दाम नीट आठवत नाही. मुलीचं लग्न थोरल्या भावानं ठरवलंय. बापाच्या मनात नाही, पण बाप भावापुढं बोलत नाही. मुलगी एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती चिठ्ठी धाडते. मुलगा तिनं पाहिलेलासुद्धा नाही, नुसतं ऐकलंय. भागवतात ती चिठ्ठी सात श्लोकांची आहे, आणि सात श्लोकांत तिनं जेवढं काम उरकलंय तेवढं आमच्याकडं सात बैठकांत उरकत नाही. आपली पसंती सांगितली, शिशुपालाला कोल्ह्याच्या पंगतीत बसवलं, फौजेसह पण गुपचूप ये म्हणून बजावलं. पुढं तिनं स्वतःच शंका काढली, की माझ्या नातेवाइकांना न मारता तू मला आतून कसं नेशील? आणि लगेच तोडही दिली : आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीनं गावाबाहेरच्या देवीला जायची रीत आहे, तिथं ये. एवढ्यावर भागलं नाही तर जीव देईन आणि शंभर जन्म देत राहीन, हेही लिहिलं. मुलाकडून होकार मागवलेला नाही. तारीख, जागा, रस्ता, बंदोबस्त, सगळं मुलीकडून. कृष्णानं फक्त रथ आणायचा.

अशी ही मुलगी. आणि आमच्याकडं लग्नाळू पोरीचं लग्न जमेना झालं की घरातली मोठी माणसं तिला काय वाचायला देतात? एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर'. नाथांनी हा ग्रंथ १५७१ साली काशीत पुरा केला. अठरा प्रसंग आहेत. रोज पाट मांडून, उदबत्ती लावून, मोठ्यानं वाचायचा, म्हणजे चांगलं स्थळ सांगून येतं अशी श्रद्धा आहे. पोरगी बिचारी रोज संध्याकाळी आईबापाच्या देखत, वडीलभावाचा शब्द मोडून पसंतीच्या मुलासोबत निघून कसं जावं याचा पाठ मोठ्यानं म्हणते, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणते, "नीट वाच व, गाळू नोको काई."

पारायण संपलं की बायोडाटा फिरायला लागतो. त्यात उंची असते, रंग असतो, पॅकेज असतं, मामाचं कूळ असतं. मुलीची पसंती कुठल्या रकान्यात लिहायची, ते मात्र छापणाऱ्याला विचारावं लागतं.

मंडपातही तेच होतं. कथा हरणाची असते आणि गाव लग्न लावतं, तेही रीतसर. देव्हाऱ्यापाशी बसलेली रुक्मिणी देवीच्या दर्शनाला निघते तेव्हा तिच्यासोबत सख्या म्हणून वर्गातल्या मैत्रिणी असतात आणि त्यांच्यामागं त्यांच्या आया, पिना सांभाळत. कृष्ण गावाच्या वेशीवरून येतो. पूर्वी बंडीतून यायचा, आता ट्रॅक्टरवरून येतो, आणि ट्रॅक्टरवर ज्याचा त्याचा आवडता पुढारी हसत असतो. बँड वाजतो, पोट्टे नाचतात, बाया फुगड्या खेळतात. रथ रुक्मिणीपाशी येतो. कृष्णानं तिचा हात धरायचा असतो. आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी वडीलधारा मध्ये येतो आणि म्हणतो, "थांबा, थांबा. आधी मंगलाष्टकं."

इथून पुढं हरण संपतं. अंतरपाट येतो. गावचे भटजी, जे एरवी मुहूर्तावरून अडून बसतात, ते गोरज टळून गेली तरी काही बोलत नाहीत. अक्षता वाटल्या जातात आणि 'सावधान' म्हणायच्या आतच पोट्टे त्या कृष्णाच्या मुकुटावर नेम धरून मारतात. कन्यादानाला एक जोडपं बसतं. कन्यादान करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते नाटकातलं नसतं. तिची स्वतःची पोरगी नाशिकला दिलेली असते. मग वरमायचा मान, मग विहिणीचा मान, मग कानपिळीला कोणाला बसवायचं यावरून चर्चा. कानपिळीला नवरीचा भाऊ लागतो, म्हणजे रुक्मी. मूळ कथेत हा रुक्मी एक अक्षौहिणी फौज घेऊन जावयाचा गळा कापायला धावला होता. आमच्या मंडपात तो नव्या टॉवेल-टोपीवर राजी होतो.

मला वाटतं हाच आमच्या नाटकाचा खरा विनोद आहे आणि तो कोणी लिहिलेला नाही. गावात खरोखर एखादी चिठ्ठी सापडली, म्हणजे आता चिठ्ठी कुठली, एखादा मेसेज सापडला, तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पहिल्यांदा मोबाइल जातो, मग कॉलेज जातं, मग मामाला फोन जातो. आणि त्याच गावातले तेच लोक रात्री सतरंजीवर मांडी घालून, पळून गेलेल्या पोरीच्या लग्नात वऱ्हाडी म्हणून बसतात, वर एकशे एक रुपये आहेर लिहितात. देवाला सगळं माफ, असं म्हणून हे सुटत नाही. माफ देवाला केलंय. रुक्मिणी तर तेव्हा आपल्याच गावची पोरगी होती.

पण गावाला ढोंगी म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. मला दुसरीही शंका येते. भीष्मकाला जे जमलं नाही, ते आमचं गाव दरवर्षी करतं. ते लग्न त्या वेळी मुलीकडच्यांच्या मांडवात लागलंच नाही. लग्न तिकडं द्वारकेत लागलं. भीष्मकाच्या घरी मांडव रिकामा, वाजंत्री उपाशी. मुलगी पळून गेल्यावर महिनाभरानं आईनं बापाला न सांगता साडीचोळी पाठवावी, तसं काहीतरी हे चालू असावं. राहून गेलेले सगळे मान-पान आम्ही आता एकेक करून पुरे करतोय.

हे आजचंही नाही. आमच्याच जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचं. तेराव्या शतकात तिथं गोविंदप्रभूंना एकदा लग्न करायची लहर आली. भक्तांनी ती मोडली नाही. लुटुपुटूचं लग्न मांडलं. लग्न म्हटलं की गाणी हवीत, तर महदाइसेनं धवळे गायले, आणि गाताना लग्न कोणाचं गायलं, तर कृष्ण-रुक्मिणीचं. मराठीतली आद्य कवयित्री आपल्याला अशी खोट्या लग्नाच्या खऱ्या मांडवात भेटते. त्याच सुमारास महानुभावांच्याच नरेंद्र कवीनंही 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं. ते रामदेवराय यादवानं आपल्या नावावर मागितलं आणि कवीनं दिलं नाही, अशी आख्यायिका आहे. मला यात नवल एवढंच वाटतं, की राजाला दुसऱ्याचं काव्य आपल्या नावावर हवं होतं, आणि आमच्याकडं दुसऱ्याचा आहेर आपल्या नावानं पुकारून घेणारे अजून आहेत.

शिशुपालाचं काय झालं, हे कोणी दाखवत नाही. पण भागवतात ते फार चांगलं आलंय. नवरी गेली, लढाई हरली, नवरदेव तोंड काळवंडून बसला. तेव्हा जरासंध त्याची समजूत घालायला येतो. म्हणतो, मला पाहा, मी या कृष्णाकडून सतरा वेळा हरलो, एकदाच जिंकलो, मी कुठं रडतोय? समजूत घालायची ही रीत आमच्याकडं अजून शिल्लक आहे. सोयाबीन गेलं म्हणून बसलेल्या माणसाजवळ शेजारी येतो आणि म्हणतो, "मायं तं तीन सालापासून जाऊन राह्यलं बापा."

रुक्मीची गोष्ट त्याहून पुढची. कृष्णानं त्याला बांधला आणि मारण्याऐवजी डोकं नि मिशा अर्धवट भादरून सोडून दिलं. बलरामानं कृष्णाला झापलं, की सोयऱ्याशी असं वागतात का? कृष्णाला न मारता, बहिणीला न आणता कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून रुक्मी निघाला होता. त्यामुळे तो परतलाच नाही. त्यानं वाटेतच भोजकट नावाचं वेगळं नगर वसवलं आणि तिथंच राहिला. ते भोजकट म्हणजे अमरावतीजवळचं भातकुली, असं मानतात. म्हणजे अर्ध्या मिशीच्या लाजेपोटी आमच्या जिल्ह्याला एक तालुका मिळाला.

एवढं वैर, तर पुढं काय व्हावं? रुक्मीनं आपली मुलगी रुक्मिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली. बहिणीचा शब्द मोडवेना. नंतर नात रोचना, तीही रुक्मिणीच्या नातवाला, अनिरुद्धाला दिली. कृष्णाला मारल्याशिवाय परतणार नाही म्हणणारा माणूस दोनदा त्याचा व्याही झाला. मामाची पोर आत्याच्या घरी द्यायची म्हटली की महाराष्ट्रात कुठलीही प्रतिज्ञा टिकत नाही. त्या दुसऱ्या लग्नात भोजकटला बलरामासोबत फाशांचा डाव बसला, रुक्मीनं जिंकलेल्याला हरलेला म्हटलं आणि बलरामानं त्याला तिथंच मारलं. हसणाऱ्या कलिंगराजाचे दातही पाडले. हा भाग कोणी बसवत नाही. लग्नात पत्त्यांवरून डोकी फुटतात, त्यात दाखवण्यासारखं काय आहे, असं लोक म्हणत असावेत.

मुलगी चांगल्या घरी पडली की माहेरंही वाढायला लागतात. अमरावतीकर म्हणतात, हरण झालं ते आमच्या अंबादेवीच्या देवळातून. कौंडण्यपूरपासून तिथवर भुयार होतं. चाळीस किलोमीटरचं भुयार खणायला राजाला जमलं असेल, तर त्याच्या काळातलं ठेकेदारीचं काम चांगलं होतं म्हणायचं. तिकडं अरुणाचल प्रदेशात भीष्मकनगर आहे. तिथले इदू मिश्मी लोक रुक्मिणी आपली म्हणतात. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला रामनवमीपासून हे लग्न यात्रा भरवून लावतात आणि अलीकडं ईशान्येकडची मंडळी तिथं मुलीकडची म्हणून सरकारी इतमामानं येतात. आसामात शंकरदेवांचं 'रुक्मिणीहरण' नामघरात फुकट पाहायला मिळतं. कौंडण्यपूरच्या माणसाजवळ हे सगळं सांगा. तो शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "मंग पंढरपूरले पालखी कोनाची जाते?"

याला उत्तर नाही. आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. १५९४ सालापासून जाते, असं सांगतात. २०२१ साली करोनामुळे सगळ्या वाऱ्या थांबल्या आणि दहाच मानाच्या पालख्या बसनं गेल्या, त्यांतही ही होती. माहेरची माणसं येतात, साडीचोळी आणतात. आणि आणावीच लागते, कारण पंढरपूर हा या सुखांतिकेचा दुसरा अंक आहे आणि तो भांडणाचा आहे. राधा कृष्णाच्या मांडीवर बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात निघून आली. तिला शोधत देव आला तो पुंडलिकाच्या दारात विटेवर अडकला. दोघांची देवळं अजून वेगळी आहेत. मुलगी नांदते आहे ना, हे पाहायला माहेरचं माणूस दरवर्षी चालत जातं. चारशे वर्षं पाहून झालं, तरी खात्री झालेली दिसत नाही.

जावईही परतफेड करतो. कार्तिक पौर्णिमेला पांडुरंग कौंडण्यपूरला येतो अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी दहीहंडी फुटते, यात्रेत पाय ठेवायला जागा नसते. पळवून नेताना एका रात्रीत आलेला हा माणूस आता सासरी येतो तो गाजावाजा करून. भीष्मकाच्या जागी गर्दीला आवरायला पोलीस असतात.

तर मंडपात मंगलाष्टकं संपलेली असतात आणि खरं नाटक सुरू होतं, आहेराचं. माइक घेऊन एकजण उभा राहतो आणि वही वाचू लागतो. अमुक भाऊंकडून एकशे एक. तमुक काकूंकडून स्टीलची परात. अमुक किराणाकडून पाचशे एक आणि बुंदीची साखर. रुक्मिणी आणि कृष्ण खुर्च्यांवर बसून असतात. मुकुटानं कृष्णाच्या कपाळावर वळ उठलेला असतो, रुक्मिणीचा शालू आत्याचा असल्यामुळे तिला हलायची परवानगी नसते. ज्याचं नाव चुकलं तो उठून दुरुस्ती सांगतो. ज्याचं राहिलं तो काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी बोलतो. स्वयंवराला अर्धा तास लागला असेल तर वहीला दीड तास लागतो, आणि या काळात एकही माणूस मंडपातून हलत नाही. कालिदासाला एवढा प्रेक्षक मिळाला नसेल.

शेवटी पंगत बसते. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. पात्रं पोशाखासकट वाढायला लागतात, कारण वाढणारे पोट्टे नेमके तेव्हाच गायब होतात. शंख-चक्र बाजूला ठेवून कृष्ण वरण वाढतो, रुक्मिणी पोळ्या. म्हाताऱ्या बायांची नजर अशा वेळी फार तीक्ष्ण असते. पाच दिवस डोळे मिटून कथा ऐकलेली एक आजी रुक्मिणीचा हात धरून थांबवते.

"कोनाची व तू? कितवीत हायेस?"

"बारावीत, आजी."

"साजरी दिसते माय. माया नातू पुन्याले हाय कंपनीत. तुया बापाशी बोलू काय?"

पोळ्यांची टोपली कमरेवर धरून पोरगी जराही न लाजता म्हणते, "कायले तरास घेता आजी? ज्याले पाठवाची त्याले मीच पाठवीन ना चिठ्ठी."

अख्खी पंगत हसली. आजी तर ठसका लागेपर्यंत. पोरीचा बाप समोरच्या ओळीत बुंदी वाढत होता. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं, पण पुढच्या चार पानांवर बुंदी जरा जास्तच पडली.